नुसता डोळा

आमचं लग्न झालं तेव्हा माझं वय अडतीस होतं, बायकोचं एकतीस आणि तिच्या लेकीचं साडेचार. नोंदणी कार्यालयात सह्या चालल्या होत्या आणि पोरगी आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर उभी होती. साक्षीदार म्हणून आलेल्या माझ्या मित्राने तिला गमतीने विचारलं, "तू नाही का करणार सही?" तिने ते गमतीत घेतलं नाही. पेन मागितलं. कागदाला हात लावू देईनात, तेव्हा तिने माझा हात ओढून घेतला आणि तळहातावर एक वाकडातिकडा गोल काढला. झाली सही.

मी नाशिकच्या सातपूर भागात एका कारखान्यात तपासणीच्या कामावर आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात आमच्याकडे. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग मोजायचा, उजेडात धरायचा, बारीकशी चीर किंवा ओरखडा दिसला तर बाजूला काढायचा. बघणं हेच माझं काम, आणि ते मला चांगलं जमतं असं मी तोवर समजत होतो.

पोरीचे वडील ती चौदा महिन्यांची असताना गेले होते. दिंडोरीच्या पुढे त्यांचं गाव, द्राक्षबाग, मोठं कुटुंब. कावीळ अंगावर काढली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. बायको नंतर लेकीला घेऊन नाशिकला आली, द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगच्या काउंटरवर लागली. माझं लग्न तोवर या ना त्या कारणाने राहूनच गेलं होतं. माझ्या मावसबहिणीने आमची गाठ घालून दिली. पहिल्या भेटीत बायकोने एवढंच विचारलं होतं, "घरात त्यांचा फोटो आहे. तो ठेवला तर चालेल का?" मी म्हटलं, "काढायचा कशाला?" अशोकनगरच्या आमच्या भाड्याच्या घरात तो फोटो फ्रीजवर असतो. पांढरा शर्ट, मान थोडी डावीकडे कललेली, चेहऱ्यावर हसू येऊ घातलेलं. त्या माणसाबद्दल मला त्याहून जास्त काही माहीत नव्हतं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही इथे किती दिवस राहणार?"

"नेहमीच राहणार."

"नेहमी म्हणजे किती?"

तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि ती आत निघून गेली.

मला काय हाक मारायची हे आम्ही तिच्यावर सोडलं होतं. काका म्हण, बाबा म्हण, तुला वाटेल ते. आठवडाभर तिने काहीच हाक मारली नाही. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, माझी बाटली भरून द्या." आई म्हणते तेच तिने उचललं होतं. बायकोला हसू आवरेना. मी बाटली भरून दिली. तेव्हापासून मी 'अहो' झालो. आज ती नऊ वर्षांची आहे, अजूनही मी अहोच आहे, आणि तिच्या मैत्रिणी मला अहोकाका म्हणतात.

पण सुरुवातीला तेवढ्या हाकेपलीकडे काही नव्हतं. मला ती टाळते असंच वाटायचं. मी चेंडू टाकला तर तो तिच्या हाताला कधी लागायचाच नाही, शेजारून निघून जायचा, आणि मग ती खेळच बंद करायची. जिन्यावर मी हात पुढे केला तर धरायची नाही, भिंतीला धरून एकेक पायरी उतरायची. पाणी ओतून घ्यायची आणि निम्मं पाणी पेल्याच्या बाहेर जायचं. बायको म्हणायची, "धांदरट आहे, लक्षच नसतं." मी मनात म्हणायचो, नवा माणूस घरात आला, पोर बावरलंय. दोन्ही चूक होतं. पाणी दर वेळी पेल्याच्या एकाच बाजूला सांडतं हे मी रोज पुसत होतो आणि पाहत नव्हतो. असा भाग कारखान्यात आला असता तर दुसऱ्याच नगाला मी मशीन थांबवली असती.

पावसाळा सरत आला होता. एका रविवारी गॅलरीच्या कठड्यावर मुंग्यांची रांग लागली होती आणि पोरगी तिच्यावर अगदी नाक टेकवून बसली होती. माझ्या बॅगेत कामावरचं छोटं भिंग होतं, डोळ्याला लावून बघायचं. मी ते आणलं, तिच्या उजव्या डोळ्याला धरलं आणि म्हटलं, "आता बघ."

ती जागच्या जागी थिजली. मग ओरडली, "हिला केस आहेत! अहो, मुंगीला केस आहेत! आणि ती तोंड धुतेय!"

माझ्याशी ती इतकं पहिल्यांदाच बोलत होती. पाचसात मिनिटं ती एकामागून एक मुंग्यांची वर्णनं करत राहिली. मान अवघडेल म्हणून मी म्हटलं, "आता त्या डोळ्याने बघ."

"त्याने नाही."

"का? बघ तर."

"हा बघायचा डोळा नाहीये," ती डाव्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाली. "हा नुसता आहे."

मला वाटलं ती खेळतेय. "नुसता म्हणजे?"

"म्हणजे हा बघायचा," तिने उजव्यावर बोट ठेवलं, "आणि हा नुसता." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "तुमचा नुसता कुठलाय?"

तो प्रश्न मी आयुष्यात विसरणार नाही. पाचाच्या आतली पोर. सगळ्या माणसांना एक बघायचा डोळा असतो आणि एक नुसता, जोडीला दिलेला, असं तिने धरून चाललं होतं. तक्रार नव्हती, भीती नव्हती. माझा कुठला एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

मी तिचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि हाताची बोटं समोर धरली. "किती?"

"हात काढा ना."

"किती बोटं आहेत?"

"बोटं आहेत?" ती म्हणाली.

बायको आत कणीक मळत होती. मी हाक मारली, ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. मी पुन्हा बोटं धरली. पुन्हा तेच. बायको खाली बसली. "साडेचार वर्षं," ती म्हणाली, "साडेचार वर्षं मी हिला अंघोळ घालतेय, काजळ लावतेय या डोळ्यांना." तिने पिठाचे हात तसेच डोळ्यांना लावले. पोरगी गोंधळली आणि मला म्हणाली, "आई का रडतेय? मुंगी बघायची का तिला?"

दोन दिवसांनी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाई शांत होत्या. थेंब घातले, तासभर बसवलं, तऱ्हेतऱ्हेच्या काचा लावून पाहिल्या. मग म्हणाल्या, "डोळा आतून निरोगी आहे. नंबर मोठा आहे, तो कुणाच्या लक्षात आला नाही, म्हणून मेंदूने या डोळ्याकडून काम घेणंच सोडून दिलं. दुसऱ्यावर भागतंय ना. आता चष्मा द्यायचा, आणि रोज दोन तास चांगला डोळा पट्टीने बंद करायचा. मग मेंदूला या डोळ्याकडे यावंच लागेल. वय चांगलं आहे, वेळेत आलात."

मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुमच्याकडे कुणाला असं होतं का? तुम्हाला लहानपणी?"

बायकोने तोंड उघडलं, मीही काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "हे बाबा नाहीत. हे अहो आहेत. बाबा फ्रीजवर आहेत."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. एक क्षण आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि मग पोरीलाच म्हणाल्या, "बरं. मग अहोंना सांग, बाबांच्या घरी विचारून या. उपचार तेच राहतील, पण माहीत असलेलं बरं."

बाहेर आल्यावर मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना चष्मा नव्हता. तीन वर्षांत मी कधी पाहिला नाही."

तेव्हा विचारायचं तर त्यांच्या आईलाच. बायको दर वर्षी लेकीला आजीकडे नेऊन आणायची, पण आमचं लग्न झाल्यापासून ती गेली नव्हती. लग्नाचं फोनवर सांगितलं तेव्हा म्हातारी "बरं झालं" म्हणाली होती आणि फोन ठेवला होता. त्या "बरं झालं"चा अर्थ आम्ही दोघं चार महिने लावत होतो.

पुढच्या रविवारी मोटारसायकलवरून आम्ही तिघं निघालो. दिंडोरी मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना बागा लागल्या. छाटणी नुकतीच उरकलेली, वेली उघड्याबोडक्या, ट्रॅक्टर फवारे उडवत फिरत होते. नवा चष्मा लावलेली पोरगी माझ्यापुढे टाकीवर बसली होती. ज्या घरातला माणूस गेला, त्याची बायको आणि लेक घेऊन मी त्याच्याच दारात निघालो होतो.

म्हातारी ओट्यावर बसली होती. काटक, उन्हाने काळवंडलेली. तिने आधी नातीला पोटाशी धरलं, मग सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी पाया पडलो.

"डॉक्टरनं विचारलं म्हनून आलात व्हय?" बायकोने फोनवर कारण सांगितलं होतं.

खोटं बोलावंसं वाटलं नाही. "हो मावशी. नाहीतर धीर झाला नसता."

"मला तरी कुठं झाला व्हता," ती म्हणाली. "या, बसा."

चहा झाला. मग मी विचारलं. म्हातारीने जराही आठवल्यासारखं केलं नाही, उठली आणि आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा एक चपटा डबा होता. त्यात एका जुन्या रुमालात गुंडाळलेला लहान मुलाचा चष्मा होता. एक काच साधी, दुसरी जाड, फुगीर. जाड काच डावीकडची.

"चौथीत व्हता तवा शाळंत डॉक्टर आले व्हते," ती म्हणाली. "त्यांनी दिला. पोरं लय चिडवायची, म्हनून यानं टाकला तो टाकलाच. मी बी म्हनलं, दिसतंय ना तुला, मग ऱ्हाऊ दे. आम्हाला काय कळतंय. मान अशी वाकडी करून बघायचा. आम्ही म्हनायचो, लाडात आलाय."

बायको त्या चष्म्याकडे बघतच राहिली. तीन वर्षं संसार केला त्या माणसाची ही गोष्ट तिला तेव्हा कळत होती, आणि ती माझ्यासमोर कळत होती.

पोरीने स्वतःचा चष्मा काढला आणि तो उचलून नाकावर चढवला. काड्या सैल होत्या म्हणून दोन्ही हातांनी धरला, आणि काही दिसतंय का ते बघायला मान जराशी डावीकडे कलवली. म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि ओट्याच्या पायरीवर बसली. "असाच," एवढंच म्हणाली. "असाच बसायचा हितं."

मी त्या पोरीकडे पाहत होतो. फ्रीजवरच्या फोटोतली कललेली मान मी चार महिने रोज बघत होतो. दूध काढताना, बाटली ठेवताना. आणि तीच मान माझ्यासमोर जेवत होती, टीव्ही बघत होती. दोन्ही एक आहेत हे मला कळायला या ओट्यावर यावं लागलं. ज्याला मी कधी भेटलो नाही, तो माणूस माझ्या घरात रोज थोडाथोडा वाढत होता. मला मत्सर वाटेल असं मला आधी वाटायचं. तसं काही झालं नाही. देवळात गेल्यावर माणूस आपोआप आवाज खाली आणतो, तसं काहीतरी माझ्या आत झालं.

निघताना म्हातारीने मला बाजूला घेतलं. "दादा, तिची पट्टी चुकवू नका. मी लेकाचा चष्मा चुकवला व्हता."

"नाही चुकणार," मी म्हटलं.

पट्टी लावायचं काम माझ्याकडे आलं. बायको सकाळी साडेआठला निघायची, पोरीची शाळा दुपारची. मी साहेबांना सांगून कायमची दुसरी, दुपारची पाळी मागून घेतली. दुसरी पाळी कुणालाच नको असते, त्यामुळे ती लगेच मिळाली. नाश्ता झाला की साडेनऊला पट्टी, साडेअकराला काढायची, मग डबा, गणवेश, शाळेची रिक्षा.

पहिल्या दिवशी तिने पट्टी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी रडली. "दिवा लावा, अहो, दिवा लावा," म्हणत राहिली आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. तिसऱ्या दिवशी ती रडली नाही, पण पलंगाच्या एका कोपऱ्यात दोन तास हलली नाही. हात मांडीवर, तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला. ते रडण्याहून वाईट होतं.

तिला सोबत म्हणून मी माझ्याही एका डोळ्याला पट्टी लावली. तिने जवळ येऊन चाचपून पाहिलं. "पण तुमचा दुसरा बघायचाच आहे ना?"

"हो."

"मग काय उपयोग?"

खरंच होतं. तेव्हा मी कारखान्यातला सुरक्षेचा गॉगल आणला, एका काचेवर कागद चिकटवला आणि दुसरीवर व्हॅसलीन फासलं. तो घालून मी चहा करायला गेलो. घर ओळखीचं, गॅस ओळखीचा, आणि तरी मला काहीच सापडेना. चहा कपाच्या शेजारी ओतला. ओट्याचा कोपरा कमरेत बसला. मी शिवी हासडणार होतो ती गिळली.

पोरगी पलंगावरून उतरली होती. हात पुढे करून ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि खुदकन हसली. तिला दिसलं नव्हतं, पण चहा सांडल्याचा आवाज तिला पक्का ओळखू येत होता.

"अहो, गरम नसलं तर बोट आत घालायचं. बोटाला लागलं की थांबायचं."

"आणि गरम असलं तर?"

"मग ऐकायचं. भरत आलं की आवाज बारीक होतो."

मी पाणी घेऊन करून पाहिलं. खरंच बारीक होतो.

त्या दिवशी तिने मला पुष्कळ शिकवलं. पायरी दिसत नसली की ती पायाने विचारायची, आधी टाच टेकवायची. भिंत जवळ आली की आपलाच आवाज जवळ येतो. चेंडू हाताने धरायचाच नाही, पोटावर येऊ द्यायचा आणि मग मिठी मारायची. हे सगळं तिने कुणाला न विचारता स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं, आणि आम्ही तिला धांदरट म्हणत होतो. दहा मिनिटांत मी तो गॉगल काढला. ती काही काढू शकत नव्हती. कारखान्यात मी गेली सोळा वर्षं हुशार माणसांमध्ये काम करतो. इतकं डोकं चालवणारं कुणी मी पाहिलेलं नाही.

त्यानंतर ती पलंगावर बसून राहिली नाही. आपल्याला येतं आणि या माणसाला येत नाही, म्हणजे याला सांभाळलं पाहिजे, असं काहीसं तिने ठरवलं असावं.

डॉक्टरबाईंनी पट्टीच्या वेळात बारीक काम द्यायला सांगितलं होतं. आम्ही मूग आणि मटकी एकत्र करून निवडायला बसायचो. गॅलरीत ऊन यायचं तिथे चटई, मधे ताट. सुरुवातीला ती बोटांनीच ओळखायची. मी ते पकडलं. मग नियम केला, आधी रंग सांगायचा, मग हात लावायचा. बरेच दिवस ती अंदाजाने सांगायची आणि निम्मं चुकायचं. दिवाळी गेली, थंडी आली, चटई उन्हामागे सरकत राहिली. मी रोज तिच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि काहीच बदलत नाहीये असं वाटायचं. एखाद्या दिवशी बायकोला म्हणायचोही, "नाही झालं तर?" ती म्हणायची, "तुम्ही लावा हो पट्टी."

मग एके सकाळी मी मुगातला खडा काढायला वाकलो, तर ती म्हणाली, "थांबा, तो मी काढते. तो खडा आहे ना? करडा?"

मी हात मागे घेतला. तिची चिमटी ताटावर आली, थोडी चुकली, पुन्हा आली आणि तिने तो खडा उचलला. उजवा डोळा पट्टीखाली झाकलेला. मी पट्टीची कड तपासली, कुठून फट नाही ना. कुठेही फट नव्हती.

तिला त्यात विशेष वाटलं नाही, ती पुढचा खडा शोधायला लागली. मी बायकोला फोन लावला तेव्हा तिच्यामागे माल उतरवल्याचे आवाज येत होते. "खडा उचलला," मी म्हटलं. ती म्हणाली, "कुणी?" आणि मग तिच्या लक्षात आलं. काउंटरवर गिऱ्हाईक होतं, तरी ती नुसती फोन धरून राहिली.

वर्ष उलटून गेलं. तपासणीला गेलो की फळ्यावरची एखादी ओळ वाढायची. पट्टी दोन तासांवरून एका तासावर आली. आणि डिसेंबरातल्या एका तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज एक वेगळी गंमत करू. मुद्दामच इतके दिवस केली नव्हती." त्यांनी तिला काळपट काचांचा एक चष्मा घातला आणि समोर एक पुस्तक उघडून ठेवलं. पानभर एका माशीचं चित्र होतं, मोठ्या पंखांची माशी. मला ते फिकट, दोनदोन रेघा उमटल्यासारखं दिसत होतं.

"तिच्या पंखाला चिमटीत धर बरं."

पोरीने हात पुढे नेला, आणि तो कागदाला टेकलाच नाही. कागदाच्या तीन बोटं वर, रिकाम्या हवेत, तिने हळूच चिमूट मिटली. मग झटक्यात हात मागे घेतला. "ई! ती वर आलीय!"

मला वाटलं, चुकली. कागद तर सपाट होता. पण डॉक्टरबाई हसत होत्या. "दोन्ही डोळे एकत्र काम करायला लागले की ते पंख हवेत दिसतात," त्या मला म्हणाल्या. "एकाच डोळ्याने बघणाऱ्याला ते कागदावरच दिसतात. हे येईल याची मला खात्री नव्हती. सगळ्यांचं येत नाही."

पोरगी पुन्हा पुन्हा हवेतले पंख धरत होती.

बाहेर आलो. दवाखान्यासमोर गाड्या लावायच्या जागेत कडुनिंबाचं मोठं झाड आहे. मी मोटारसायकल काढत होतो. ती झाडाखाली उभी राहिली, डोकं मागे टाकून.

"चल गं."

ती हलली नाही. "अहो, पानांच्या मधे जागा आहे."

"कसली जागा?"

"मधे. एक पान इथे आहे, मग एक त्याच्या मागे आहे, मग अजून मागे, मग फांदी, मग परत पानं." तिने हात वर केला, जणू त्या पानांमधून आत घालता येणार होता. "आत जाता येईल इतकी जागा आहे."

"आधी कसं होतं?"

तिने थोडा विचार केला. "आधी झाड चिकटवलेलं होतं."

मी गाडी स्टँडवर लावली आणि तिच्या शेजारी जाऊन वर बघितलं. चाळिशीला आलेला माणूस. माझे दोन्ही डोळे जन्मापासून शाबूत, आणि मी पोटच बघण्यावर भरतो. तरी शप्पथ सांगतो, पानांच्या मधली जागा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ऊन एका पानावरून दुसऱ्यावर उतरत उतरत खाली येत होतं. दवाखान्याचा वॉचमन आमच्याजवळ आला, त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "काय आहे? साप आहे का?" पोरगी म्हणाली, "झाड आहे." तो थोडा वेळ आमच्यासोबत उभा राहिला आणि निघून गेला.

बायकोला फोनवर सांगून झाल्यावर मी तिथूनच म्हातारीला फोन लावला. सगळं सांगितलं, माशी, पंख, झाड. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे दादा, माझ्या लेकाला तसं दिसलंच नाय का कधी?"

मी खोटं सांगू शकत होतो. म्हटलं, "बहुतेक नसेल दिसलं, मावशी."

मग ती म्हणाली, "पर चिंचा पाडायचा. एक दगड, एक चिंच. त्याला कुनाची मदत नाय लागली कधी." तिच्या आवाजात हसू होतं की रडू, मला कळलं नाही. "तिला घेऊन या. बाग भरलीया आता."

पुढच्या रविवारी गेलो. मांडवावर हिरवीगार पानं दाटली होती आणि खाली मण्यांएवढ्या द्राक्षांचे घड धरले होते. पोरगी गाडीवरून उतरली ती थेट बागेतच शिरली. आजी पदर खोचून तिच्यामागे निघाली. मांडव बुटका, तरी म्हातारीला वेगळं वाकावं लागत नव्हतं, ती वयाने वाकलेलीच होती. ओळीच्या तोंडाशी ती थांबली आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आता सांग मला. काय काय दिसतं? नीट सांग, घाई नको."

पोरगी सांगायला लागली. पुढच्या वेलीपासून, एकेक करून, आत आत. म्हातारी प्रत्येक वेलीपाशी थांबत होती, "आन् त्याच्या मागं?" असं विचारत होती, आणि पोरगी सांगत होती. दोघी हळूहळू ओळीत दूर गेल्या, मग आवाजच तेवढे येत राहिले.

बायको आणि मी बांधावर बसलो होतो. जेवायची वेळ टळून गेली होती. त्यांना हाक मारायला आम्ही कुणीच उठलो नाही.